आधी बाईनं प्यायचं

पुराचे फोटो पाण्याचे असतात. छपरावर बसलेली माणसं, वाहत चाललेली म्हैस, पुलाला टेकलेलं गढूळ पाणी. आमचं काम सुरू व्हायचं ते फोटोवाले परत गेल्यावर. पाणी उतरलं, जरा ऊन पडलं, लोकांनी भिजलेल्या गाद्या कुंपणावर टाकल्या की आम्ही निघायचो. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात ब्लीचिंग पावडरचा डबा. सरकारी पिशवी ओल्या हवेत दोन दिवसांत फाटायची आणि पावडरचा दगड व्हायचा, म्हणून मी घरचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा वापरायची. रस्त्यात पोरं बिस्किटं मागायची. झाकण उघडून वास दिला की नाक दाबून पळायची.

मी आरोग्यसेविका होते. राहायला अंबरनाथला, नोकरी बदलापूरकडच्या खेड्यांत. पूर आला की मात्र हद्दी राहत नसत. जिथे माणूस कमी तिथे आम्हाला धाडत. एरवी माझं काम म्हणजे बाळंतपणं, लसीकरण आणि कुटुंबनियोजनाच्या 'केसेस' मिळवणं. या केसेसचं टार्गेट असायचं आणि ते पुरं झालं नाही तर साहेब भर मीटिंगमध्ये उभं करायचे. त्यामुळे गावात मला माझ्या नावाने कुणी ओळखायचं नाही. मी 'ऑपरेशनवाली बाय'. मी एका टोकाने वाडीत शिरले की दुसऱ्या टोकाने लेकुरवाळ्या बाया शेताकडे सुटायच्या. मला त्याचं फारसं वाईट वाटत नसे. वसुलीवाला आणि मी, दोघांचं स्वागत सारखंच.

विहिरीत औषध टाकणं हे बाहेरच्याला किरकोळ काम वाटतं. पावडर टाकली, झालं. तसं नाही. दोराला दगड बांधून पाणी किती खोल ते बघायचं, विहिरीचा घेर बघायचा, त्यावरून पावडर किती लागेल ते ठरवायचं. बादलीत थोड्या पाण्यात ती कालवायची, वर पाणी भरून ढवळायची आणि थांबायचं. चुना खाली बसतो. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती बादली विहिरीत सोडायची आणि वर-खाली, आजूबाजूला हलवत राहायची, म्हणजे औषध सगळीकडे पोचतं. मग तासभर कुणी पाण्याला हात लावायचा नाही. त्यानंतर पाणी काढून काचेच्या नळीत घ्यायचं, वर औषधाचे थेंब टाकायचे. पिवळा रंग आला की विहीर चालू.

शेवटची पायरी मात्र कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवत नसत. ती आमच्या मोठ्या सिस्टरांनी घालून दिली होती. औषध टाकणारीने पहिला पेला स्वतः प्यायचा, तोही सगळ्यांच्या देखत. "तू पाणी नाही पीत, तू सही करतेस," असं त्या म्हणायच्या. त्यासाठी आम्ही प्रत्येकी पिशवीत आपापला स्टीलचा पेला ठेवायचो.

मी सांगतेय तो पूर नव्वदच्या आसपासचा. वालधुनी नदी अंबरनाथ-उल्हासनगरात घुसली होती आणि उल्हास नदी बदलापूरला. मला पाचवा महिना होता. रजा मागायला गेले तर साहेब म्हणाले, "सिस्टर, पाचव्या महिन्यात चालणं चांगलं असतं." साहेबांना तीन मुलं, त्यामुळे अनुभवाचं बोलणं.

पहिले दोन दिवस उल्हासनगरच्या कॅम्प नंबर तीनमध्ये गेले. तिथे गल्लीगल्लीत जीन्सचे कारखाने. कापडाचे तागे भिजून रंग सुटलेला, चिखलसुद्धा निळा. लच्छूसेठ नावाच्या एका कारखानदाराच्या दुकानाखाली पाण्याची टाकी होती, तिच्यात गटाराचं पाणी शिरलेलं. मी आत गेले तेव्हा सेठ खुर्चीवर पाय वर घेऊन बसले होते आणि कारागिरांकडून भिजलेल्या पँटी दोरीवर टाकून घेत होते.

"फार नुकसान झालं का, सेठ?" मी विचारलं.

"नुकसान? मॅडम, लोक स्टोनवॉशला एक्स्ट्रा पैसा देतात. हा फ्लडवॉश आहे. वापस असा रंग येणार नाही." मग जरा थांबून म्हणाले, "डरनेका नहीं. मेरी माँ सिंध से आयी, सीधा इसी कॅम्प की बॅरकमध्ये. मी पैदाच कॅम्पमध्ये झालो. आता अजून काय जाणार?"

टाकी धुऊन घेतली, औषध टाकलं, पहिला पेला मी प्यायले. सेठनी दुसरा पेला प्यायला, तोंड वाकडं केलं आणि माझ्यासाठी कोल्ड्रिंक मागवलं. त्या गल्लीत लोकांनी एकमेकांच्या दुकानातला चिखल न सांगता उपसला होता. फाळणीत एकदा सगळं गमावून आलेल्यांना हे शिकवावं लागत नाही, असं मला वाटून गेलं. सेठची आई फळीवर बसली होती. ती नुसती दाराबाहेरच्या पाण्याच्या रेषेकडे बघत होती.

तिसऱ्या दिवशी अंबरनाथला, शिवमंदिराकडे. तिथे एका हारफुलं विकणाऱ्या काकूंच्या दुकानामागे विहीर होती. आजूबाजूची घरं तीच वापरायची. काकूंचं म्हणणं, या पाण्याने देवाला अभिषेक होतो, त्यात औषध कसं चालेल?

"देवाला काही होणार नाही काकू, माणसांना होईल," मी म्हटलं.

काकूंनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "आंघोळ करून आलीयस ना?"

"हो."

"डोक्यावरून?"

"हो."

"मग टाक."

त्यांनी आडनाव विचारलं नाही, आंघोळीवर भागवलं. मी मनातल्या मनात हसले. चौथ्या दिवशी मात्र आंघोळीने भागणार नव्हतं.

ते गाव माझ्याच हद्दीतलं, बदलापूरच्या पलीकडे, नदीच्या वळणावर. नाव लिहीत नाही, कारण तिथली माणसं अजून आहेत आणि बरी आहेत. रस्ता वाहून गेला होता म्हणून जीप अलीकडेच थांबली. मी आणि डबा बांधावरून चालत गेलो. गावात शेतकऱ्यांची घरं वरच्या अंगाला आणि आमची बौद्धवाडी खाली, नदीला चिकटून. हे कुठल्या नकाशात बघायला लागत नाही. पूर येतो तेव्हा तो आधी कुणाच्या घरात जातो एवढं विचारलं की गावाची रचना कळते. वाडीची विहीर चिखलाने काठोकाठ भरली होती. गावविहिरीतही पुराचं पाणी गेलं होतं, पण ती उंचावर आणि बांधीव, त्यामुळे औषध टाकून चालू करण्यासारखी होती.

उलट्या-जुलाब सुरू झाले होते. गावात चार-पाच घरी माणसं अंथरुणाला. वाडीतलं एक तान्हं आदल्या दिवशी गेलं होतं. त्याची आई शेवंता दारात बसून होती; मी गेले तर उठून तिने मला पाट दिला. सगळे ओहोळाचं पाणी लुगड्याने गाळून पीत होते. मी सवयीने म्हटलं, "उकळून प्या." म्हटल्याबरोबर माझं मलाच कळलं. सगळ्या गावात कोरडं लाकूड नव्हतं.

गावविहीर कान्हादादांच्या आज्याने बांधलेली. कान्हादादा म्हणजे पासष्टीचे, पांढरी टोपी, बोलायला मऊ. त्यांनी मला ओटीवर घोंगडी घातली, उरल्यासुरल्या रॉकेलवर केलेला चहा दिला. चहाची कपबशी त्यांच्या घरातल्या बाकीच्या कपबशांपेक्षा वेगळी होती आणि पिऊन झाल्यावर ती मी विसळून पालथी घालावी अशी अपेक्षा होती. मी कप होता तिथेच ठेवला. त्यांनी बघितलं, मीही बघितलं. तेवढ्यावर ते मिटलं.

"बाय, औषीद तर टाकायलाच पायजे," ते म्हणाले. "पन डबा आमच्या मानसाकडं द्या. तुमी लांबून सांगा, तो करील."

मला यात हरकत घेण्यासारखं काही वाटलं नाही. पोटुशी बाई विहिरीत बादली कशाला हलवेल? मी सांगत गेले, त्यांचा पुतण्या करत गेला, आणि चांगलं केलं. तास होईपर्यंत काठावर अख्खं गाव जमलं. कळश्या, हंडे, घागरी. मागे, चिंचेच्या पलीकडे, वाडीच्या बाया आपले हंडे घेऊन उभ्या. शेवंताही होती.

तेव्हा भागीबाई पुढे झाल्या. भागीबाई म्हणजे कान्हादादांच्या थोरल्या भावजय. विधवा, लुगड्याचा काष्टा, आवाज खणखणीत. त्यांचा नातू कालपासून मान टाकून पडला होता.

"कुनी पानी भरू नका," त्या म्हणाल्या. "ही ऑपरेशनवाली बाय हाय. पोरा बंद कराची पावडर हाय ती. दारोदार जाऊन बाया मिलत नाय, म्हनून आता इहिरीतच टाकलीन."

चार बायांनी कळश्या परत कडेवर घेतल्या. मी समजावायला लागले. मी जितकं समजावत होते तितकं ते खरं वाटत होतं, कारण गेली चार वर्षं मी याच आवाजात ऑपरेशनबद्दल समजावत होते. सरकारने टार्गेट माझ्या गळ्यात बांधलं होतं, त्याची घंटा आता वाजत होती.

कान्हादादांनी मध्यस्थी केली. "मी पितो पयला. मंग तर झाला?"

भागीबाईंनी दिराकडे बघितलं. "तुजा आता काय बंद व्हायचा राहिलाय रे कान्हा?"

सगळं गाव हसलं. एवढ्या मरणाच्या सावटात लोक हसतात हे मी पुष्कळदा पाहिलंय. कान्हादादांनी टोपी सारखी केली.

मग भागीबाई माझ्याकडे वळल्या. माझ्या पोटाकडे बघत म्हणाल्या, "किती झालं?"

"पाचवा."

"पयला?"

"पहिला."

"मंग हिला पिऊ दे. सोताच्या पोरावर कुनी ईख घालनार नाय. ही पिली त आमी पिऊ."

बाया "हव, हव" म्हणाल्या. खरं तर मी पिणारच होते, ती माझी रोजची पद्धत. पण आता हा आमच्या सिस्टरांचा नियम राहिला नव्हता. माझ्या पोटातल्या पोराला साक्षीला बोलावलं होतं.

"पितील, पितील," कान्हादादा घाईने म्हणाले. "आमी काढून देताव. बाय, तुमी तिथं बसा. वरून ओततो, ओंजलीनं प्या."

माझे वडील कारखान्यात नोकरीला लागले आणि गाव सोडून अंबरनाथला आले ते याच ओंजळीला कंटाळून. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर त्यांनी घरात एकच गोष्ट बजावली होती, की तहानेने जीव गेला तरी चालेल, वरून ओतलेलं पाणी प्यायचं नाही. मी पिशवीतून माझा पेला काढला.

"दादा, माझ्याकडे पेला आहे. ओंजळीने मी पीत नाही."

मला राग आला होता आणि तो माझ्या आवाजात आला असणार. पण त्या रागाच्या पलीकडे भागीबाईंचा नातू होता, चिंचेखाली शेवंता होती. मी उठून गेले असते तर सगळे पुन्हा ओहोळावर गेले असते, हे मला दिसत होतं. पुतण्याने पोहरा विहिरीत सोडला. पाणी काढून पेल्यात ओतलं असतं तर मी ते प्यायले असते. तेवढी तडजोड मी मनाशी केली होती.

ती वेळ आली नाही. भागीबाईंनीच पुतण्याचा हात धरला. "तू नको काढू. तुमी बाप्ये एकमेकाना सामील. वरच्यावर बिनपावडरचा पानी देशील हिला. हिच्या हातानंच काडू दे, आमच्या डोल्यादेकत."

"वहिनी, दोर..." कान्हादादा एवढंच म्हणाले.

"दोर काय? माजा पोर मरतोय तितं, न तू दोर सांगतोस मला?" असं म्हणून त्यांनी दोर पुतण्याच्या हातातून घेतला आणि माझ्या हातात दिला. "घे गो. ओड."

मी ओढायला लागले. पावसाने फुगलेला काथ्याचा दोर, भरलेला पोहरा आणि पाचवा महिना. कप्पी करकरत होती. अर्ध्यावर आल्यावर मला दम लागला, तशा भागीबाई चिडून म्हणाल्या, "थांब, थांब, दोन जिवांची बाय तू," आणि माझ्यामागे उभं राहून त्यांनी दोर धरला. माझे हात पुढे, त्यांचे मागे. आम्ही दोघींनी मिळून तो पोहरा वर घेतला. कान्हादादा तोवर डोंगराकडे बघत होते.

नळीत पाणी घेतलं, थेंब टाकले. पिवळं झालं. मग मी पेला भरला आणि प्यायले. वास होता, थोडा जास्तच होता. मला ओकारी येत होती, ती मी गिळली. त्या क्षणी उलटी झाली असती तर गावाने पुढची दहा वर्षं पावडरला हात लावला नसता.

"आता हितंच बस," भागीबाई म्हणाल्या.

"मावशी, मूल बंद व्हायचं असेल तर ते असं बसून कळत नाही."

"पोट दुकला त कलंल."

मी कठड्याला टेकून बसले. सगळं गाव माझ्या पोटाकडे बघत उभं. एवढ्यात पोराने आतून लाथ मारली आणि मी दचकून पोटावर हात ठेवला. बायांमध्ये एकदम कुजबुज झाली. भागीबाईंनी पुढे येऊन काही न विचारता माझ्या पोटावर हात ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं, त्यांनाही लाथ लागली.

"जित्ता हाय," त्या गावाकडे वळून म्हणाल्या. "भरा."

कळश्या भरायला लागल्या. मी भागीबाईंच्या घरी जाऊन साखर-मिठाचं पाणी केलं, नातवाला चमच्याने पाजत बसले. बऱ्याच वेळाने त्याने डोळे उघडून माझ्याकडे रागाने बघितलं. आजारी पोर चिडलं की आम्ही समाधान मानतो.

विहिरीवर परत आले तेव्हा वाडीच्या बाया अजून चिंचेखाली होत्या. त्यांना कोणी 'नाही' म्हटलं नव्हतं, 'या'ही म्हटलं नव्हतं. मी कान्हादादांकडे गेले, म्हटलं, "दादा, यांची विहीर साफ होईपर्यंत यांनी कुठलं पाणी प्यायचं?" तेवढ्यात गावातलीच एक बाई घागर उचलता उचलता म्हणाली, "भरू दे त्यानलाबी. दोर आता बाटलाच हाय."

एवढं सोपं निघालं. माझ्या हातांनी दोर बाटला म्हणून वाडीला पाणी मिळालं. शेवंता सगळ्यांत आधी आली. तिने पोहरा सोडला, ओढला, हंडा भरला आणि निघून गेली. तिच्या उपयोगाचं पाणी एक दिवस उशिरा आलं होतं.

पुढच्या आठवड्यात पाहणीला गेले. साथ थांबली होती, आणखी कुणी दगावलं नव्हतं. वाडीची विहीर गाळ काढून चालू झाली होती. गावविहिरीच्या कप्पीवर नवाकोरा दोर होता. जुना त्यांनी वाडीला देऊन टाकला होता. कान्हादादांनी मला पुन्हा चहा दिला, आणि साथ थांबवल्याबद्दल मनापासून आभार मानले. ते खोटं बोलत नव्हते. मी चहा घेतला नाही.

मराठवाड्यातल्या भूकंपानंतर आमच्यातल्या काहीजणी तिकडे ड्यूटीला गेल्या होत्या. त्या परत आल्यावर मी पहिलं हेच विचारलं, की लोकांना राहायला दिलेल्या पत्र्याच्या शेड सगळ्यांच्या एका ओळीत होत्या की वाडीवाल्यांच्या वेगळ्या. त्या हसल्या, म्हणाल्या, तुला माहीत आहे तर विचारतेस कशाला? धरणी हलते, नदी पात्र बदलते. माणसं चार दिवस हलतात, मग जागच्या जागी येऊन बसतात.

हिवाळ्यात मला मुलगी झाली. ती दीड-दोन महिन्यांची असेल, एका दुपारी दारात भागीबाई उभ्या. विचारत विचारत अंबरनाथला आल्या होत्या. ओच्यात नव्या तांदळाचे पोहे. "पोर बगाला आलू," म्हणाल्या आणि आत येऊन बसल्या. मुलीला मांडीवर घेऊन त्यांनी तिची बोटं मोजली, कानामागे बघितलं, पायाचे तळवे बघितले. मग म्हणाल्या, "सगला हाय." त्या गावाच्या वतीने आल्या होत्या की स्वतःच्या, हे मी विचारलं नाही.

मी सवयीने पाण्याचा तांब्या-पेला पुढे ठेवला, आणि ठेवल्यावर माझं मलाच अवघडल्यासारखं झालं. उन्हातून चालत आलेली म्हातारी, आणि पाणी माझ्या घरचं. भागीबाई पेल्याकडे बघत राहिल्या. मुलगी त्यांच्या मांडीवर हातपाय झाडत होती.

"ह्यात पावडर हाय?" त्यांनी विचारलं.

"नाही. नळाचं आहे."

त्यांनी पेला उचलला, तोंडाला लावून सगळा प्यायला. पदराने तोंड पुसलं, रिकामा पेला माझ्या हातात दिला. मग दाराकडे एकदा बघून आवाज खाली आणला.

"गावात बोलू नको हां, बाय."

मी 'नाही बोलणार' म्हटलं आणि त्यांना आणखी एक पेला भरून दिला.